परांचीवर बिलोलीचा पेंटर

परांचीवर पाय ठेवलास की आधी नाकाला कळतं. ऑइल पेंटचा वास नाही, टर्पेंटाइनचा नाही. भिजवलेली माती, साळीचं तूस आणि दिव्यांची काजळी. खाली दरीत वाघूर नदी वाहते आहे. साल इसवी सन 475 च्या आसपासचं. गादीवर वाकाटक राजा हरिषेण, राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. तू उभा आहेस त्या लेण्याला पुढे अजिंठ्याचं दोन नंबरचं लेणं म्हणतील. आज त्याला नंबर नाही. आज ती नुसती साइट आहे.

कुठला, असं कुणी विचारलं तर नांदेड जिल्ह्यातलं बिलोली सांगू नकोस, कुणाला कळायचं नाही. नंदीकटकडचा म्हण. हरिषेणाच्याच घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमला सापडला, त्यात नंदीकटच्या उत्तर मार्गातलं, म्हणजे विभागातलं, एक गाव दान दिल्याची नोंद आहे. ते नंदीकट म्हणजे नांदेड, असं अभ्यासक मानतात. तेव्हा तू परक्या मुलखात आलेला नाहीस.

काम तर तुला येतंच. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कंपाउंडवर कबड्डी, खो-खो, बॅट फिरवणारी पोरगी. कुंडलवाडीत कुणाच्या हॉलमध्ये मोर, सगरोळीत कुणाच्या जिन्यात धबधबा. पण इथे ब्रश हातात मिळायला वेळ आहे. आधी गिलावा.

खडक मुद्दाम खरबरीत ठेवलाय, टाकीचे घाव तसेच. गुळगुळीत दगडाला माती धरत नाही. पहिला थर जाड: तांबडसर माती, दगडाची भुकटी, तूस, गवताचे तंतू. मिस्त्री तळहाताने थापतो, बोटांनी दाबतो, पुन्हा थापतो. तो वाळायची वाट बघायची. मग दुसरा थर, माती चाळून घेतलेली, तंतू बारीक. मग पांढऱ्याचा पातळ हात, अंड्याच्या कवचाइतका. तोही वाळल्यावरच रंग, डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेला. ओल्या चुन्यावर रंग चढवायची पद्धत वेगळी; अजिंठ्याला सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणणारी पुस्तकं इथे चुकतात.

तुला बिलोलीतले फोन आठवतात. ‘उद्या उद्घाटन आहे, आज रात्रीत भिंत करून दे.’ सिमेंट अजून ओलं, पुट्टीला पैसे नाहीत, आणि पहिल्या पावसात लोणा लागून खेळाडूचा पाय गळून पडला की नाव पेंटरचं. इथे मिस्त्रीला कुणी घाई करत नाही. तरी त्याचंही सगळं बरोबर नव्हतं, हे तुला ठाऊक आहे, त्याला नाही. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं राजदेव सिंह आणि सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवलं. त्यामुळे तिथे कीड कमी लागली, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्यात भांग नाही, आणि इथला बराच गिलावा किडीने खाल्ला. सांगावंसं वाटतं. पण ऐकणार कोण? त्यालाही तू आज आलेला पोरगाच.

रंगांचे वाडगे पुढे येतात. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा, आणि सह्याद्रीच्या याच काळ्या दगडाच्या पोटात मिळणारी हिरवी माती. निळ्याचा वाडगा मात्र लहान आणि त्याच्यावर राखण. तो लाजवर्द, अफगाण डोंगरांतल्या बदख्शानहून आलेला. कुंचला बुडवलास की सगळे तुझ्या हाताकडे बघतात. सांडू नकोस.

आणि आता विषय. तुला वाटलं असेल, लेण्यात काय, बुद्ध आणि ध्यान. तुझ्या वाट्याला आलाय जुगार. विधुरपंडित जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, गोष्ट: नागराणीला शहाण्या विधुर पंडिताचं हृदय हवंय. तिची मुलगी इरंदती झोक्यावर बसलेली असताना पुण्णक यक्षाची नजर तिच्यावर पडते. तिच्यासाठी तो कुरुराजाला फाशांच्या डावात हरवतो आणि पणात त्याचा मंत्री विधुरच मागून घेतो. पट मांडलाय, राजा आणि यक्ष समोरासमोर, बघे दाटीने बसलेत. गेरूने आधी नुसती रेघ ओढायची. चौकटी आखायची सवय सोड; इथला जाणता चितारी खांद्यापासून मनगटापर्यंत एका दमात येतो, चुकला तर दुसरी रेघ शेजारून ओढतो, पहिली तशीच राहू देतो. मग रंग भरायचे आणि शेवटी काळ्या-तपकिरी रेघेने कडा पुन्हा बांधायच्या. गाल आणि नाक उठून दिसावं म्हणून हलका हात. डोळे सर्वांत शेवटी.

कोण जिंकलं ते काढायचं नाही, हे तुला पाहता पाहता उमगतं. शाळेच्या भिंतीवर तुझ्याकडून नेहमी चषक उंचावलेला कप्तान मागतात. तो मेलेला विषय आहे, त्यात बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. इरंदतीचा झोका बघ: दोऱ्या ताणलेल्या, अंग मागे रेललेलं, झोका अजून परतायचा आहे. शेजारच्या एक नंबरच्या लेण्यात खांबाच्या शिरावर दोन बैल शिंगांना शिंगं भिडवून आहेत, कुणीच मागे हटलेला नाही. सोळा नंबरमध्ये लहान सिद्धार्थ धनुर्विद्या शिकतोय. खेळाचं चित्र म्हणजे हेच. निकाल कागदावर लिहावा, भिंतीवर नाही.

दुपारी मुलांना सांभाळणाऱ्या हारीती यक्षीच्या देवळीपाशी थोडा टेक. तिच्या पायाशी पाथरवटाने शाळा कोरली आहे: हातात छडी घेतलेले गुरुजी, पुढे अभ्यासू पोरं, मागे खेळणारी. मागच्या बाकाचा इतिहास इतका जुना आहे.

बरोबरचे चितारी बोलतात ते ऐक. एवढा सराईत हात डोंगरात एकाएकी तयार होत नाही; माझ्या मते हे लोक मुळात घरांच्या आणि महालांच्या भिंती रंगवणारे. त्या जगाची झलक वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. शहरी रसिकाच्या खोलीत खुंटीवर वीणा, चित्रफलक, रंगांची डबी, फाशांचे पट. बाहेर बागेत झोका. जेवणानंतर तो कोंबड्यांच्या आणि एडक्यांच्या झुंजी बघायला जातो. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र तर घराच्या भिंतीवर काय असावं ते नेमून देतं: शृंगार, हास्य आणि शांत, एवढेच रस. लढाया आणि स्मशानं देवळात किंवा राजसभेत, माणसं झोपतात तिथे नाही. आजच्या हॉलमध्ये गर्जणारा वाघ काढून मागणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही. त्याच ग्रंथात आणखी एक नियम आहे: चित्रकाराने स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने चित्र काढू नये. बिलोलीत तुझ्या घरची भिंत का कोरी, असं कुणी पुन्हा विचारलं तर आता तुझ्याकडे शास्त्राधार आहे.

ती सगळी घरं गेली. लाकडाची, विटांची, मातीची. पावसात, आगीत, वारसांच्या वाटणीत. त्या काळच्या मराठवाड्यातल्या घरात भिंतीवर काय रंगवलेलं असे, याचा सर्वांत चांगला पुरावा या डोंगरातच उरला आहे, कारण इथे भिंत पाडता येत नव्हती.

तुझं काम अर्धवट राहणार आहे. हरिषेण जातो, देणग्या आटतात, चोवीस नंबरचं भव्य लेणं कोरता कोरता सोडून दिलेलं आजही दिसतं. सोळा नंबर करवून घेणाऱ्या वराहदेव या मंत्र्याचा शिलालेख राहतो. चिताऱ्यांची नावं राहत नाहीत. पुढचं तू परतीच्या वाटेवर झरझर पाहतोस: 28 एप्रिल 1819, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरतो. त्याला मात्र नाव घालायचं सुचलं! मग रॉबर्ट गिलने काढलेल्या इथल्या चित्रांच्या नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळतात, मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्सने वर्षानुवर्षं केलेल्या नकलांतल्याही पुष्कळ 1885 च्या आगीत जातात. 1920 ते 22 मध्ये निजाम सरकार चित्रांच्या डागडुजीसाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनीला आणतं. तेव्हा बिलोली आणि अजिंठा एकाच हैदराबाद संस्थानात. चेक्कोनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरवतो, हे त्याचं मोठं काम. पण वर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडतो आणि तो काढता काढता पुरातत्त्व खात्याची पुढची पिढी खर्ची पडते.

आता खाली उतर. पुढची कबड्डी रंगवशील तेव्हा दोन गोष्टी मालकाकडून आधीच कबूल करून घे. भिंत वाळल्याशिवाय ब्रश लावणार नाही, ही एक. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, तुझं नाव, गाव आणि साल येईल. त्याचे वेगळे पैसे लावू नकोस, पण ते खोडूही देऊ नकोस.