व्हेसुव्हियसची एका दिवसाची चढण

सिंहगडाची किंवा कळसूबाईची वाट ज्यांनी पायाखाली घातली आहे, त्यांना एका दिवसाच्या चढाईचा बेत कसा आखावा हे सांगावयास नको. पहाटे निघावे, पाणी पुरेसे घ्यावे, शिदोरी बांधावी आणि दिवस मावळण्यापूर्वी पायथा गाठावा. ज्या काळ्या कातळावरून ही वाट जाते, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या शिलारसाचा आहे, हे चढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. ते असण्याचे कारणही नाही. तो अग्नी केव्हाच विझला. परंतु ज्या पर्वताचा अग्नी विझला नसून केवळ निजला आहे, त्याच्या माथ्यावर जावयाचे झाले तर बेत कसा करावा? इटलीतील व्हेसुव्हियस पर्वताचा इतिहास ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार उपयोगी पडतो. कारण त्याच्यावर चढण्याचा उद्योग माणसे कित्येक शतके करीत आली आहेत.

नेपल्स शहराच्या पूर्वेस, समुद्राच्या काठी हा पर्वत उभा आहे. आजची त्याची उंची सुमारे १२८१ मीटर, म्हणजे जवळजवळ सिंहगडाच्या माथ्याएवढीच आहे. इ. स. पूर्व ७३ मध्ये बंडखोर गुलामांचा नायक स्पार्टाकस ह्याच पर्वताच्या आश्रयास गेला. रोमन सैन्याने एकुलती एक वाट अडविली, तेव्हा त्याने माथ्यावरच्या रानद्राक्षांच्या वेली वळून शिड्या केल्या आणि कड्यावरून उतरून शत्रूस पिछाडीकडून गाठले. म्हणजे त्या काळी माथ्यावर वेली वाढत होत्या. पुढे भूगोलकार स्ट्रेबो ह्याने माथ्याचे भाजल्यासारखे सच्छिद्र दगड पाहून येथे एकेकाळी अग्नी असावा असा तर्क केला. तर्क अचूक होता, परंतु त्याची दखल कोणी घेतली नाही. इ. स. ७९ मध्ये पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही नगरे गडप झाली. मिसेनम येथील आरमाराचा अधिपती थोरला प्लिनी प्रथम निव्वळ जिज्ञासेने होडी काढावयास निघाला होता. मदतीची हाक येताच त्याने मोठी जहाजे लोकांच्या सुटकेसाठी हाकारली, आणि स्टेबियाच्या किनाऱ्यावर त्याला मृत्यू आला. हा वृत्तांत त्याच्या भाच्याने, धाकट्या प्लिनीने, इतिहासकार टॅसिटस ह्यास पत्रांतून कळविला.

त्यानंतर पर्वत कधी जागा होई, कधी दीर्घकाळ निजे. सतराव्या शतकाच्या आरंभी तर तो इतका शांत होता की, मुखाच्या आत झाडी माजली होती आणि तळाशी गुरे चरत असत. १६ डिसेंबर १६३१ रोजी त्याचा स्फोट झाला आणि काही हजार माणसे प्राणास मुकली. नेपल्सवर तेव्हा स्पेनची सत्ता होती. तेथील व्हाइसरॉयने पायथ्याच्या पोर्तिची गावी एक शिलालेख बसविला. त्याचा आशय असा की, पुढच्या पिढ्यांनो, ही गोष्ट तुमची आहे. हा पर्वत फुटण्यापूर्वी हादरतो, धुमसतो, गर्जतो. तेव्हा घरदार व चीजवस्तूंचा मोह सोडा आणि वेळ आहे तोवर पळा. आयुष्याची बरीच वर्षे सरकारी सूचना लिहिण्यात आणि लोक त्या कशा वाचत नाहीत हे पाहण्यात घालविलेल्या माझ्यासारख्यास ह्या लेखाचे फार कौतुक वाटते. इतकी निर्मळ, इतकी कळकळीची सूचना क्वचितच निघते. आणि तरीही त्या शिळेभोवती वस्ती पूर्वीपेक्षा दाट झाली.

अठराव्या शतकात व्हेसुव्हियस हे प्रवाशांचे तीर्थ बनले. १७६४ पासून नेपल्स दरबारी असलेला ब्रिटिश वकील विल्यम हॅमिल्टन साठांहून अधिक वेळा तेथे चढला. त्या काळी एका दिवसाचा क्रम ठरलेला असे. नेपल्सहून गाडीने रेसीना गावी यावे, तेथून खेचरावर बसून जोग्याच्या मठीपर्यंत जावे, आणि पुढे सुळक्याची घसाऱ्याची चढण पायी चढावी. दोन पावले वर टाकली की एक पाऊल राखेत खाली येई. वाटाडे कमरेस चामड्याचा पट्टा बांधीत आणि प्रवासी तो धरून वर ओढला जाई.

मार्च १७८७ मध्ये जर्मन कवी गटे असाच वर गेला. पर्वत ठरावीक अंतराने दगड उडवीत होता. दोन स्फोटांच्या मधल्या अवकाशात काठापर्यंत जाऊन परतावे, असे त्याने व तरुण वाटाड्याने ठरविले. टोपीखाली रुमाल कोंबले आणि दोघे धावले. काठावर उभे राहून विवरात डोकावताना मोजणी राहून गेली. एकाएकी गडगडाट झाला, दगडांचा वर्षाव जवळून गेला. दोघे वाकले आणि सुदैवाने वाचले. बेत उत्तम होता. डोळ्यांपुढे दृश्य येताच तो विसरला गेला.

म्हणून मोजणारा दुसरा कोणी असावा, हा विचार १८४१ साली मूर्त झाला. नेपल्सचा राजा दुसरा फर्डिनांड ह्याने पर्वताच्या उतारावर वेधशाळा स्थापिली. ज्वालामुखीचे वेध घेणारी ही जगातील पहिली संस्था. लुईजी पाल्मिएरी ह्या शास्त्रज्ञाने तेथे विजेवर चालणारे भूकंपमापक यंत्र बसविले. एप्रिल १८७२ मध्ये पर्वत भडकला. ते अपूर्व दृश्य पाहण्यास लोक रात्रीच्या अंधारात, वेधशाळेच्याही वर, सुळक्याच्या पायथ्याच्या खोलगटीत जमले. २६ तारखेच्या पहाटे सुळका फाटला आणि सुमारे वीस प्रेक्षक ठार झाले. त्यांत नेपल्सचे वैद्यकाचे विद्यार्थीही होते. पाल्मिएरी मात्र तप्त लाव्ह्याने वेढलेल्या आपल्या वेधशाळेत नोंदी करीत राहिला.

ह्यानंतर आठच वर्षांनी, १८८० मध्ये, माथ्याजवळ नेणारी दोराची आगगाडी सुरू झाली. तिच्यावरचे गाणे जगभर गाजले. आता राख तुडवावी लागेना, पट्टा धरावा लागेना. चढण सोपी झाली आणि पर्वत सौम्य झाल्याचा भास निर्माण झाला. १९०६ च्या उद्रेकाने गाडीची वाताहत केली; ती पुन्हा बांधली, तर मार्च १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असता, पर्वताने ती कायमची नाहीशी केली. त्यानंतर आजवर तो फुटलेला नाही.

आज मोटार सुमारे एक हजार मीटर उंचीपर्यंत जाते आणि पुढे अर्ध्या तासात विवराचा काठ येतो. प्रवेशपत्र आधी काढून ठेवावे, पायांत घट्ट बूट असावेत, पाणी बरोबर असावे, कारण वाटेवर सावली नाही. आणि वाऱ्यासाठी एखादे जाड वस्त्र घ्यावे. पर्वतावरची नजर आता नेपल्स शहरातून रात्रंदिवस ठेवली जाते. धोक्याच्या हिरवी, पिवळी, नारिंगी आणि लाल अशा चार पायऱ्या ठरल्या आहेत. सर्वाधिक धोक्याच्या टापूत सुमारे सात लाख लोक राहतात, आणि वेळ येताच त्यांना ७२ तासांत हलविण्याची योजना तयार आहे.

परंतु वेधशाळेचे मौन हे अभयवचन समजू नये. जपानमधील ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी, शरदातील निरभ्र दुपारी शेकडो लोक सहलीस चढले होते. धोक्याची पायरी सर्वांत खालची होती. बाराला काही मिनिटे असताना स्फोट झाला आणि ६३ माणसे मृत वा बेपत्ता झाली. शास्त्र पुष्कळ सांगते, सर्व सांगत नाही.

तेव्हा ज्वालामुखीच्या चढाईचा बेत करताना शिदोरी आणि पाण्याइतकाच एक निर्णय घरीच करून ठेवावा लागतो. कोणते चिन्ह दिसताच परतावयाचे, आणि कोणाचा शब्द अंतिम मानावयाचा? माथ्यावर पोहोचल्यानंतर हा निर्णय करू म्हणणाऱ्यास दृश्याचा मोह पडतो; गटेसारख्या विचक्षण पुरुषासही तो पडला. पोर्तिचीची शिळा पायथ्याच्या रहिवाशांसाठी कोरलेली होती. पण दोन-चार तासांच्या पाहुण्यानेही ती आपल्यासाठीच आहे असे मानावे. सोबत्यांपैकी एकाने विवराकडे पाठ करून उभे राहावे आणि मोजणे सोडू नये.