पायातला झटका आणि हरवलेला ब्रेक

आज एका गोळीचा इतिहास सांगणार आहे. ही गोळी बनवली होती फिट्सच्या आजारासाठी. फिट्सवर तिचा फारसा उपयोग झाला नाही. पण तिच्यामुळे जगभरात कितीतरी माणसं रात्री सलग चार तास झोपू शकतात. त्यातलीच एक मी.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थोडक्यात एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. वायरवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं ना, तसं मज्जातंतूंवर मायलिनचं असतं. ते ठिकठिकाणी निघतं आणि मेंदूचे निरोप वाटेत अडकतात. कुणाची नजर जाते, कुणाचा तोल. माझ्या बाबतीत त्रास पायांचा. रात्री अंथरुणावर पडलं की गुडघा आपोआप छातीकडे ओढला जातो, नाहीतर अख्खा पाय काठीसारखा ताठ होतो. पोटरीत गोळा आल्यावर किती दुखतं ते आठवा. तेच दुखणं, पण मांडीपासून अंगठ्यापर्यंत. चादर घासली, लघवी तुंबली, एवढंही कारण पुरतं.

आता चला पॅरिसला, 1868 मध्ये. तिथे साल्पेत्रिएर नावाचं प्रचंड मोठं हॉस्पिटल होतं. गरीब, निराधार बायका तिथे वर्षानुवर्षं राहायच्या. झाँ-मार्तँ शार्को हा तिथला डॉक्टर. एकाच रुग्णाला तो वर्षानुवर्षं बघू शकायचा आणि मृत्यूनंतर मेंदू आणि मज्जारज्जू तपासायचा. तिथे त्याला कडक झालेले डाग दिसले. त्यावरून त्याने या आजाराचं चित्र पहिल्यांदा नीट मांडलं आणि आजाराला वेगळी ओळख दिली.

पायांच्या झटक्यांबद्दल बोलताना शार्को एक जुना शब्द वापरायचा, ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाचा: ‘स्पायनल एपिलेप्सी’. म्हणजे मज्जारज्जूला येणारी फिट! हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. याच ब्राउन-सेकारने एक युक्तीही नोंदवून ठेवली होती. पाय थडथडायला लागला की अंगठा हाताने घट्ट धरून खाली वाकवायचा, थडथड थांबते. माझ्या फिजिओथेरपिस्टने मला जवळपास हेच शिकवलं. दीडशे वर्षं जुनी गोष्ट आहे हे मला नंतर वाचताना कळलं.

युक्ती होती, पण औषध? शार्कोने बरंच करून पाहिलं. सोन्याचे क्षार, जस्ताचे क्षार. त्याचंच मत असं की त्याने त्रास उलट वाढतो. सिल्व्हर नायट्रेटने काहींची थरथर कमी व्हायची. पण ज्यांचे पाय आखडतात, ज्यांना झटके येतात, त्यांना ते मुळीच देऊ नये असं त्याने बजावलं, कारण झटके आणखी जोर धरतात. आणि चौथं, स्ट्रिकनीन. आपल्या कोकणात काजऱ्याचं झाड असतं बघा, ज्याला कुचलाही म्हणतात. त्याच्या बियांमधलं हे विष. त्याने थरथर कधीकधी थांबायची, पण थोडाच वेळ.

स्ट्रिकनीनची गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! ते जास्त झालं की माणूस कशाने मरतो? अंग ताठ करणाऱ्या झटक्यांनी. मग हे द्यायचे तरी कशाला? कारण तेव्हा ते ताकदीचं औषध मानलं जायचं. पाय लुळा पडलाय, मग त्याला जोर द्या, असा साधा हिशोब होता.

हिशोब चुकत होता तो इथे. झटका येणाऱ्या पायात कमी पडतो तो ब्रेक.

हे दाखवलं इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टनने. 1898 मध्ये त्याने प्रयोगात मांजराचा मेंदू खालच्या भागापासून तोडला. अपेक्षा काय असेल? पाय ढिले पडतील. झालं उलटं, चारही पाय खांबासारखे ताठ झाले. म्हणजे मेंदू पायांना नुसतं ‘चल’ म्हणत नाही, तो सतत ‘थांब, आवर’ असंही सांगत असतो. ते आवरणं बंद झालं की खालचा मज्जारज्जू मोकाट सुटतो. शेरिंग्टनला 1932 मध्ये नोबेल मिळालं, आणि तिथल्या भाषणाचा विषय हाच होता: आवर घालणं.

एमएसमध्ये नेमकं हेच होतं. ‘आवर’ हा निरोप वाटेत अडकतो. आणि स्ट्रिकनीन? ते मज्जारज्जूतला उरलासुरला ब्रेकही काढून टाकतं.

मग ब्रेकचं औषध कधी आलं? 1950 मध्ये मेंदूत गाबा नावाचं रसायन सापडलं. मज्जासंस्थेला शांत करणारं. फिट्सवर उत्तम चालेल असं वाटलं, पण तोंडावाटे घेतलेला गाबा रक्तातून मेंदूत पोचतच नाही. 1962 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत हाइनरिश केबर्लेने गाबाच्या रेणूला क्लोरीन असलेलं एक कडं जोडलं, म्हणजे तो आत शिरेल. हेच बॅक्लोफेन. फिट्सवर निकाल निराशाजनक आले. पण आखडलेले स्नायू सैल पडत होते. मेंदूच्या फिटसाठी बनवलेली गोळी शेवटी लागू पडली ती ‘मज्जारज्जूच्या फिट’ला! 1977 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. 1984 मध्ये शिकागोत पेन आणि क्रोइन यांनी हेच औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडून दाखवलं. तिथे गोळीच्या मानाने अगदी कणभर डोस पुरतो.

सगळं छान झालं का? नाही. हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि जगताना रोज येतं. माझा डावा पाय कमजोर आहे. मी उभी राहते ती बऱ्याच अंशी त्या ताठरपणाच्या आधारावर. डोस वाढवला की रात्र शांत जाते, पण सकाळी बाथरूमपर्यंत जाताना गुडघा दुमडतो. डोस कमी केला की चालता येतं, पण रात्री पाय लाथा मारतो. झोप हवी की पाऊल हवं, हा सौदा मी डॉक्टरांबरोबर दर काही महिन्यांनी नव्याने करते. आणि एक नियम पक्का: ही गोळी मनाने अचानक बंद करायची नाही. ब्रेक एकदम काढला तर झटके दुपटीने येतात, कधी भ्रम होतो, फिट्ससुद्धा येतात.

बाकी साध्या गोष्टी. झोपण्याआधी दहा मिनिटं पाय ताणणं. झटका एकाएकी वाढला तर आधी लघवीचं इन्फेक्शन नाही ना हे बघणं, कारण बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो.

आपल्याकडे मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करतेय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये एमएसचं नाव आहे. कागदावर नाव आलंय. घरात, ऑफिसात, बसमध्ये मात्र अजून ऐकू येतं, ‘अगं, पाय सरळ ठेव ना’, ‘मनावर घे, होईल’.

मंडळी, मनावर घेऊन हा पाय थांबत नाही. मन सांगत असतंच, निरोप खाली पोचत नाही. शेजारच्या सीटवरच्या कुणाचा पाय असा अचानक उडाला, तर थोडी जागा द्या आणि विचारा, ‘अंगठा धरू का?’

भेटू पुढच्या भागात.