कमीत कमी तारेत सारी गावे

खेड्यापाड्यांत वीज न्यायची म्हटले की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. खांब, तार आणि मजुरी यांचा खर्च अंतराबरोबर वाढतो. मग प्रत्येक गाव जोडले जाईल आणि तार मात्र कमीत कमी लागेल, अशी रचना कशी शोधायची?

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात, विद्युतीकरण सुरू होते. तेथील वीज कंपनीत काम करणाऱ्या यिंद्रिख साक्सेल यांनी हा प्रश्न आपले गणिती मित्र ओटाकार बोरूवका यांच्यापुढे ठेवला. १९२६ साली बोरूवकांनी त्याचे उत्तर दोन लेखांत प्रसिद्ध केले. एक गणितज्ञांसाठी होता, दुसरा विद्युत अभियंत्यांसाठी.

सगळ्या रचना मांडून त्यांतली स्वस्त निवडली तर? एक गोष्ट उघड आहे. तारांचे बंद कडे तयार झाले, तर त्यातली एक तार काढूनही सर्व गावे जोडलेलीच राहतात. म्हणून सर्वांत स्वस्त रचनेत कडे नसते. ती झाडासारखी फांद्या फुटलेली असते. गणितात तिला ‘वृक्ष’ म्हणतात. असे वृक्ष ४ गावांसाठी १६, ५ गावांसाठी १२५ आणि १० गावांसाठी तब्बल १० कोटी निघतात! मोजत बसणे शक्य नाही.

बोरूवकांची रीत आपण उदाहरणाने पाहू. अ, ब, क, ड, इ ही पाच गावे घेऊ. अंतरे किलोमीटरमध्ये अशी: अ–ब २, ड–इ ३, ब–क ४, अ–क ५, क–ड ७, ब–ड ८, उरलेली सर्व ८ पेक्षा जास्त. पहिल्या फेरीत प्रत्येक गावाने आपला सर्वांत जवळचा शेजारी निवडायचा. अ आणि ब एकमेकांना निवडतात, क हे ब ला निवडते, ड आणि इ एकमेकांना. दोन गट तयार झाले: अ–ब–क आणि ड–इ. दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटाला एकच गाव समजून पुन्हा तेच करायचे. गटांमधली सर्वांत आखूड तार क–ड. एकूण २+३+४+७, म्हणजे १६ किलोमीटर. काम संपले!

हे उत्तर सर्वांत स्वस्तच कशावरून? कोणताही एक गट बाकीच्यांशी जोडायला निदान एक तार त्याच्या बाहेर पडलीच पाहिजे. बाहेर पडणारी सर्वांत आखूड तार आपल्या रचनेत नसेल, तर ती घालून तयार होणाऱ्या कड्यातली, त्याच गटातून बाहेर पडणारी दुसरी लांब तार काढता येते. म्हणजे रचना आणखी स्वस्त होते. मात्र सर्व अंतरे वेगवेगळी हवीत, ही अट बोरूवकांनी घातली होती. अंतरे सारखी असतील तर काय गडबड होईल, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

१९३० साली प्रागचे वॉयतेख यार्निक यांनी एका गावापासून सुरुवात करून वृक्ष वाढवत नेण्याची रीत दिली. तीच रीत प्रिम यांना अमेरिकेत १९५७ मध्ये स्वतंत्रपणे सापडली, आणि पुष्कळ पुस्तकांत ती त्यांच्याच नावाने आली. मूळ लेख चेक भाषेत असल्याने फार थोड्यांनी वाचले होते. क्रुस्काल यांनी मात्र १९५६ च्या आपल्या लेखात बोरूवकांचा उल्लेख केला होता. बोरूवकांच्या रीतीत सर्व गट एकाच वेळी निवड करू शकतात. त्यामुळे अनेक संगणकांवर काम वाटून देताना ती आजही उपयोगी पडते.

पण कमीत कमी तार म्हणजे उत्तम वीजपुरवठा नव्हे. वृक्षात कोणत्याही दोन गावांमध्ये एकच वाट असते. क–ड तार तुटली की पलीकडची गावे अंधारात जातात. शिवाय वाट लांबली की तारेत ऊर्जा वाया जाते आणि टोकाच्या गावाला विजेचा दाब कमी मिळतो. म्हणून अभियंते पुष्कळ ठिकाणी एखादी जादा तार टाकून कडे पूर्ण करतात. एरवी ते एका जागी स्विचने उघडे ठेवतात आणि बिघाड झाला की दुसऱ्या बाजूने वीज देतात. जादा तारेवरचा हा खर्च वाया जात नाही. तो विश्वासार्हतेची किंमत असते.

वर्गात तालुक्याच्या नकाशावर दहा गावे घेऊन दोऱ्याने हा वृक्ष करून पाहावा. मग विचारावे: फक्त एक जादा दोरा मिळाला, तर तो कुठे लावाल?