भाड्याची बंदूक आणि मृत्यूचा हिशेब

युद्धांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा राजे, सेनापती आणि फौजा यांच्याबद्दल बोलतो. आज बोलायचं आहे ते अशा माणसाबद्दल, जो युद्धाच्या प्रदेशात असतो, ज्याच्या हातात बंदूक असते, पण कुठल्याच देशाच्या फौजेच्या हजेरीपटावर ज्याचं नाव नसतं. इंग्रजीत त्याला प्रायव्हेट सिक्युरिटी काँट्रॅक्टर म्हणतात. आपण खासगी सुरक्षा कंत्राटदार म्हणू.

त्याचं रोजचं काम सिनेमात दाखवतात तसं नसतं. वकिलातीच्या फाटकावर उभं राहायचं, आत येणाऱ्या गाडीखाली आरसा सरकवून बाँब आहे का ते पाहायचं, वाळूच्या पोत्यांमागे बारा-बारा तास बसायचं, एखाद्या अधिकाऱ्याला विमानतळावरून कचेरीत सुखरूप पोचवायचं. बहुतेक दिवस काहीच घडत नाही. आणि एखाद्या दिवशी दोन मिनिटांत सगळं घडतं.

त्या दोन मिनिटांनंतर काय होतं, हा आजचा विषय. या माणसाने निरपराध माणूस मारला तर जाब कोणाला विचारायचा? आणि तो स्वतःच मेला तर त्याची नोंद कोण ठेवतो? एवढे दोन प्रश्न हातात धरून आपण पुढे जाऊ.

मराठी माणसाला हा गडी अगदी अनोळखी नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे: गारदी. युरोपीय ‘गार्ड’वरून तो आला असं मानतात. पगार घेऊन लढणारा, कवायती पायदळातला शिपाई. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांची बाजू न सोडता लढला आणि पकडला गेल्यावर मारला गेला. बाराच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं तेही गारद्यांनीच. म्हणजे पगारी शिपाई बेइमानच असतो किंवा इमानीच असतो, असा सरसकट निकाल इतिहास देत नाही. त्याचा पगार कोणाच्या हातात आहे आणि तो हुकूम कोणाचा ऐकतो, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं.

पुढचं उदाहरण महादजी शिंद्यांच्या फौजेचं. सॅव्हॉय प्रांतातला बेनुआ द बॉइन १७८४ मध्ये त्यांच्या नोकरीत आला. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया या पलटणींच्या जोरावर जिंकल्या गेल्या. खर्चासाठी अलीगढच्या बाजूचा मुलूख लावून दिला होता. पगार वेळेवर होत असे, म्हणून शिस्तही होती. पुढे द बॉइन सन्मानाने आणि अमाप पैसा घेऊन युरोपात परतला. शांबेरी या त्याच्या गावात त्याच्या स्मरणार्थ उभारलेलं हत्तींचं कारंजं आजही आहे.

त्याच्यानंतर पेरॉन आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं, तेव्हा कंपनी सरकारने जाहीरनामा काढला: शिंद्यांची नोकरी सोडून आमच्याकडे या, तुमच्या निर्वाहाची सोय आम्ही करू. बरेच युरोपीय अधिकारी निघून गेले. पेरॉननेही इंग्रजांचा आश्रय घेतला. पण पलटणीतले शिपाई, मुख्यतः हिंदुस्थानी माणसं, १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीला उभे राहिले आणि मोठ्या संख्येने पडले. बघा, एकाच फौजेत दोन प्रकारचे पगारी लोक होते. ज्याच्यापाशी परतीची वाट आणि पेन्शनचा शब्द होता तो परतला. ज्याच्यापाशी तो नव्हता तो शेतात पडला. कारंजं कोणाच्या नावाचं आहे ते आत्ता पाहिलंच. पडलेल्यांची नावं शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

आता विसाव्या शतकाच्या शेवटाकडे येऊ. शीतयुद्ध संपलं, मोठमोठ्या फौजा कमी झाल्या, आणि लढण्याशिवाय दुसरं काही न शिकलेले हजारो प्रशिक्षित लोक मोकळे झाले. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट मावळत होती. तिच्या लष्करातल्या ईबन बार्लो या माजी अधिकाऱ्याने १९८९ मध्ये ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ ही कंपनी काढली. १९९३ मध्ये अंगोलात सोयो इथली तेलाची ठाणी ‘युनिटा’ या बंडखोर संघटनेकडून सोडवण्याचं काम तिला मिळालं. गंमत म्हणजे कंपनीतले काही जण पूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या फौजेत असताना याच युनिटाच्या बाजूने लढले होते. करार बदलला, शत्रू बदलला.

१९९५ मध्ये सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनच्या उंबरठ्यावर बंडखोर येऊन ठेपले होते. लोकांचे हात तोडण्यासाठी हे बंडखोर पुढे जगभर कुप्रसिद्ध झाले. सरकारने याच कंपनीला बोलावलं. काहीशे माणसं आली, त्यांनी राजधानीचा वेढा उठवला आणि कोनोचा हिऱ्यांचा मुलूखही परत घेतला. तिथल्या सामान्य माणसाला काय वाटलं असेल? सुटकाच वाटली असणार. ती खरीच होती, आणि ती नाकारून या विषयावर बोलणं प्रामाणिकपणाचं नाही. पण शांतता करारात परदेशी लढवय्यांनी जावं असं ठरलं, जानेवारी १९९७ मध्ये कंपनी गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात लष्करी बंड होऊन सरकार पडलं. सुरक्षा भाड्याने आणली होती. भाडं थांबलं तेव्हा मागे काहीच उरलं नाही. १९९८ मध्ये खुद्द दक्षिण आफ्रिकेनेच कायदा करून परदेशात अशी लष्करी सेवा विकण्यावर निर्बंध घातले, आणि कंपनी बंद झाली.

तुम्ही म्हणाल, आंतरराष्ट्रीय कायदा काय करत होता? कायदा होता. १९७७ च्या जिनिव्हा पूरक मसुद्यात ‘भाडोत्री सैनिक’ कोणाला म्हणायचं याच्या सहा अटी दिल्या आहेत. खास लढण्यासाठी भरती झालेला हवा, प्रत्यक्ष लढाईत भाग घेणारा हवा, फायद्यासाठी आलेला हवा, लढणाऱ्या देशांपैकी कुठल्याही देशाचा नागरिक नसावा, वगैरे. आणि मेख अशी की सहाही अटी एकाच वेळी लागू व्हायला हव्यात. इराकमध्ये पहारा देणारा अमेरिकी नागरिक घ्या. त्याचा देशच युद्धात उतरलेला, म्हणून तो यात बसत नाही. नेपाळी पहारेकरी घ्या. तो म्हणणार, मी लढत नाही, फाटक सांभाळतो. तोही सुटला. जाळीची भोकं इतकी मोठी की मासा सापडणार कसा?

हे सगळं सर्वात मोठ्या प्रमाणावर दिसलं ते २००३ नंतरच्या इराकमध्ये. २००८ च्या सुमारास इराक आणि आसपासच्या देशांत अमेरिकेसाठी काम करणारे कंत्राटी लोक सुमारे १,९०,००० होते, म्हणजे जवळजवळ सैनिकांइतकेच. त्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, दुभाषे, गवंडी सगळे आले. सुरक्षेचं काम करणारे त्यातले पंचवीस-तीस हजार.

त्यातल्या दोन घटना आपल्या दोन प्रश्नांशी थेट भिडतात.

पहिली ३१ मार्च २००४ ची. ब्लॅकवॉटर कंपनीचे चार अमेरिकी पहारेकरी फलुजा शहरातून काही ट्रक घेऊन चालले होते. काम काय, तर स्वयंपाकघराचं सामान आणायचं. त्यांच्यावर हल्ला झाला, ते मारले गेले आणि त्यांच्यापैकी दोघांचे जळालेले देह युफ्रेटिस नदीवरच्या पुलावर टांगले गेले. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, तेव्हा त्यांना चिलखती गाड्या दिल्या नव्हत्या आणि पथकात माणसंही कमी होती हे पुढे आलं. खर्च वाचवण्याचा निर्णय कचेरीत झाला, त्याची किंमत रस्त्यावर मोजली गेली. आणि गोष्ट तिथे थांबली नाही. काही दिवसांतच अमेरिकी मरीन सैनिकांनी फलुजावर हल्ला चढवला, त्यात शेकडो माणसं मेली. खासगी कंपनीची एक फेरी चुकली आणि एका देशाच्या युद्धाची दिशा बदलली.

दुसरी घटना १६ सप्टेंबर २००७ ची, बगदादच्या निसूर चौकातली. त्याच कंपनीचे पहारेकरी अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी काम करत होते. त्यांनी गजबजलेल्या चौकात गोळीबार केला. १७ इराकी नागरिक मेले, त्यात लहान मुलंही होती.

आता जाब विचारायचा कोणी? इराकी न्यायालय विचारू शकत नव्हतं. पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनाने काढलेल्या १७ क्रमांकाच्या हुकुमाने परदेशी कंत्राटदारांना कंत्राटाच्या कामापुरतं इराकी कायद्यातून मोकळं ठेवलं होतं. तो हुकूम सत्ता इराकींच्या हाती देण्याच्या आदल्याच दिवशी, २७ जून २००४ रोजी, सुधारून पुन्हा काढला गेला होता. लष्करी न्यायालयही नाही, कारण हे सैनिक नव्हते. राहिली अमेरिकेतली दिवाणी अंमलाखालची न्यायालयं. तिथे बचाव पक्ष म्हणाला, परदेशातल्या गुन्ह्यांचा हा कायदा संरक्षण खात्याच्या कामाशी जोडलेल्या कंत्राटदारांसाठी आहे, आम्ही परराष्ट्र खात्याचे. २००९ च्या शेवटच्या दिवशी खटला तांत्रिक कारणाने फेटाळला गेला. तो पुन्हा उभा राहिला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले. इराकी साक्षीदार समुद्र ओलांडून साक्ष द्यायला गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. तेरा वर्षांनी हिशेब पुन्हा शून्यावर आला.

या घटनेचा काहीच परिणाम झाला नाही असंही म्हणता येत नाही. एका वर्षाने, १७ सप्टेंबर २००८ रोजी, १७ देशांनी ‘माँत्रो दस्तऐवज’ मान्य केला. कंत्राट देणारा देश, काम जिथे चालतं तो देश आणि कंपनी जिथली तो देश, अशा तिघांच्या जबाबदाऱ्या त्यात मांडल्या आहेत. २००९ च्या सुरुवातीपासून इराकने आपल्या भूमीवरच्या अमेरिकी कंत्राटदारांवर खटले चालवण्याचा अधिकारही परत मिळवला. पण माँत्रो बंधनकारक नाही. चांगलं वागण्याचं ते लेखी वचन आहे, मोडल्यावर शिक्षा नाही.

आता आपला दुसरा प्रश्न: तो स्वतः मेला तर?

सैनिक मेला की तिरंग्यात किंवा त्याच्या देशाच्या झेंड्यात गुंडाळून घरी येतो, वर्तमानपत्रात नाव छापून येतं, संसदेत आकडा सांगावा लागतो. कंत्राटदाराचा मृत्यू विम्याच्या दाव्यात नोंदला जातो. अमेरिकेत १९४१ च्या एका कायद्यानुसार परदेशातल्या सरकारी कंत्राटी कामगारांचा विमा काढावा लागतो, आणि त्या दाव्यांची नोंद कामगार खात्यात होते. ज्याच्या घरच्यांना या विम्याची माहितीच नाही, त्याचा दावाही नाही आणि नोंदही नाही. ब्राउन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अंदाज केला की २००१ नंतरच्या युद्धांत अमेरिकेचे सुमारे ७,००० सैनिक मेले, आणि कंत्राटदार मेले सुमारे ८,०००. फौजेपेक्षा जास्त. हे किती जणांना ठाऊक आहे?

आणि यात अमेरिकी किती? पहाऱ्याच्या कामावर युगांडा, पेरू, फिजी, नेपाळ अशा देशांतली माणसं मोठ्या प्रमाणावर होती. पाश्चात्त्य माजी कमांडोला दिवसाला पाचशे डॉलर किंवा त्याहून जास्त मिळत. या लोकांना महिन्याला हजार, पुढे पुढे त्याहूनही कमी. वाळूची पोती तीच, येणारी गोळी तीच. २० जून २०१६ रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीच्या पहारेकऱ्यांची मिनीबस आत्मघाती हल्ल्यात उडवली गेली. मेलेल्यांत बहुतेक नेपाळी होते, आणि भारतीयही होते. वकिलातीचे अधिकारी चिलखती गाडीतून फिरत, त्यांना सांभाळणारे साध्या बसने कामावर जात. लासवारी लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी.

हा इतिहास आपल्या घरांपासून लांबचा नाही. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे गावोगाव माजी सैनिक आहेत. आपला शिपाई पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. पुढे मुलांची शिक्षणं असतात, घराचं कर्ज असतं, आणि हातात एकच कसब असतं. अशा माणसाने परदेशात पहाऱ्याची नोकरी धरली तर त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. इतिहास एवढंच सुचवतो की पगाराच्या आकड्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. करार नेमका कोणाशी आहे, मूळ कंपनीशी की मधल्या एजंटाशी? हुकूम कोणाचा ऐकायचा? काही विपरीत घडलं तर कुठल्या देशाचं न्यायालय? आणि मृत्यू आला तर विमा कोण देणार, घरी कोण कळवणार? उत्तरं कागदावर हवीत, आणि त्या कागदाची एक प्रत घरच्यांकडे हवी.

१८०३ मध्ये हे विचारायची सोय लासवारीच्या शिपायाला नव्हती. आज ती आहे, निदान काही अंशी आहे. ती वापरली गेली नाही, तर पुढचा इतिहासकार पुन्हा नावं नसलेल्या माणसांबद्दलच बोलत बसेल.