रुग्णालयांत जडणारा न्यूमोनिया

औषधांचा इतिहास म्हणजे विजयांची मालिका, असें आपण सहसा समजतों. त्यांतील एका विजयाच्या पाठोपाठ आलेल्या संकटाविषयीं आज बोलावयाचें आहे. मी वैद्य नव्हें. शाळेंत इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. राहतों पनवेलच्या खांदा कॉलनींत. येथून एक रस्ता मुंबईस जातो, दुसरा घाट चढून पुण्याकडे. आणि या कथेचीं महाराष्ट्रांतील दोन्ही प्रमुख स्थळें त्याच दोन दिशांस आहेत.

जुना न्यूमोनिया बाहेरून रुग्णालयांत येई. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईचे सात पोलीस शिपाई तापानें आजारी पडून रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकीं एकाची नेमणूक गोदीवर होती. इन्फ्ल्यूएंझाच्या साथीची ती चाहूल होती. पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी, अधिक भयंकर लाट आली आणि ६ ऑक्टोबरच्या एका दिवसांत मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. कित्येकांचा बळी तापामागून आलेल्या न्यूमोनियानें घेतला. शुश्रूषा करावी आणि वाट पाहावी, याहून अधिक कांहीं डॉक्टरांच्या हातीं नव्हतें.

पुढें फ्लेमिंगनें १९२८ सालीं पेनिसिलिन शोधलें, आणि १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें सरकारी कारखाना स्थापन होऊन तें आपल्या देशांतच तयार होऊं लागलें. एकेकाळीं तरण्याताठ्या माणसास आठवड्यांत नेणारा रोग सुईनें हटूं लागला. अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास सरावतात, हा इशारा मात्र फ्लेमिंगनें १९४५ मध्येंच, नोबेल पारितोषिक स्वीकारतांना दिलेला होता. विजयाच्या वाजंत्रींत असे इशारे ऐकतो कोण?

याच सुमारास रुग्णालयांचें स्वरूपही पालटलें. १९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची साथ आली, तेव्हां ब्यर्न इब्सेन या डॉक्टरांच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेंत नळी बसविण्यांत आली, आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनें हातानें पिशवी दाबून त्यांस श्वास देत राहिले. त्यांतूनच श्वासयंत्रें व अतिदक्षता विभाग पुढें आले. पूर्वी दोन दिवसांत गेला असता असा रुग्ण आतां आठवडेच्या आठवडे जगूं लागला. परंतु निजलेला, अशक्त, आणि पुष्कळदां घशांत नळी असलेला. १९६९ मध्यें जोहानसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत दाखवून दिलें कीं, अत्यवस्थ रुग्णाच्या घशांतील नेहमींचे जंतु थोड्याच दिवसांत मागें हटतात व निराळेच जंतु तेथें ठाण मांडतात. ती लाळ नकळत फुफ्फुसांत झिरपते. नवा न्यूमोनिया बहुधा असा होतो.

दाखल होतांना न्यूमोनियाचें चिन्ह नव्हतें आणि ४८ तास उलटल्यावर तो उद्भवला, तर तो रुग्णालयांतला मानतात. नव्यानें ताप, दाट पिवळा-हिरवा बेडका, वाढलेली श्वासाची गति, रक्तांतील प्राणवायूची घट हीं त्याचीं लक्षणें. क्ष-किरणांच्या चित्रांत नवी छाया दिसते. वृद्धांत मात्र फसगत होते. ताप येतच नाहीं. काल नातवंडांशीं नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलूं लागतात, जेवण नाकारतात. डॉक्टर दिवसांतून दोनदां येतात, आप्त मात्र दिवसभर उशाशीं असतात. हा बदल प्रथम त्यांसच दिसतो. "वयच झालें" म्हणून गप्प न बसतां त्यांनीं तो परिचारिकेच्या कानीं तत्काळ घालावा.

उपचार कठीण कां, हें मुंबईनें दाखविलें. हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळांत, कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या औषधांसही न जुमानणारे आंतड्यांतील जंतूंच्या कुळांतले २४ नमुने सांपडले. पैकीं २२ मध्यें एन. डी. एम.-१ हें औषधभंजक द्रव्य निर्माण होत होतें. ते सारे न्यूमोनियाचे होते असें नव्हे; परंतु क्लेब्सिएलासारखे याच कुळांतले जंतु हा न्यूमोनियाही करतात. म्हणून औषध देण्यापूर्वीं बेडका व रक्त तपासणीस घेतात. मग त्या रुग्णालयांत कोणते जंतु वावरतात हें पाहून औषध विनाविलंब सुरू करतात, कारण अहवालासाठीं थांबणें जिवावर बेतूं शकतें. अहवाल आल्यावर त्याच जंतूपुरतें औषध ठेवून बाकीचीं बंद करतात. प्रकृति सुधारत असेल तर बहुधा सात दिवस पुरतात. "याहून भारी सुई द्या" असा हट्ट धरणारे आप्त मीं पाहिले आहेत. त्यांची माया खरी. पण भारी सुईनें काय होतें तें वर सांगितलेंच.

टाळण्याचे उपाय त्या मानानें अगदीं साधे. डॉक्टरांची मनाई नसेल तर रुग्णाचें डोकें व छाती उंच ठेवावी, जेवतांना त्यास बसवावें व जेवल्यावर लगेच आडवें करूं नये. दांत व तोंड रोज स्वच्छ करावें. कवळी असल्यास तीही. शस्त्रक्रियेनंतर दीर्घ श्वास घ्यावयास लावावें आणि परवानगी मिळतांच चार पावलें चालवावें. आणि भेटीस येणाऱ्यानें, मग तो कितीही जवळचा असो, रुग्णास हात लावण्यापूर्वीं आपले हात धुवावे.