पहिल्या आवाजाचे ऋण

गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात आपण जुनी गाणी नव्या आवाजात ऐकतो. पांढुर्णा-सौसरकडे ही प्रथा इतकी रुळली आहे की, ते गाणे आधी कोणी गायले हे विचारायचे राहूनच जाते. हा प्रश्न जगभरचा आहे.

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर १९६०च्या सुमारास ‘स्का’ हा संगीतप्रकार जन्मला. दोन मात्रांच्या मधल्या जागेवर गिटारचा ठोका, ही त्याची खूण. पुढे त्यातूनच रेगे घडले. ‘माय बॉय लॉलीपॉप’ हे गाणे अमेरिकेत बार्बी गे हिने १९५६ मध्ये गायले. पण १९६४ मध्ये जमैकाच्या मिली स्मॉलने ते स्काच्या ठेक्यावर गायले आणि जग तिलाच ओळखू लागले. ‘रेड रेड वाइन’ नील डायमंडचे, १९६७ चे. टोनी ट्राइबने १९६९ मध्ये ते रेगेत आणले. १९८३ मध्ये यूबी फोर्टी या इंग्रज बँडने ते गाजवले, तेव्हा मूळ गाणे डायमंडचे आहे हे खुद्द बँडलाही ठाऊक नव्हते!

आपला धागाही तिथवर पोहोचतो. १८४५ पासून त्रिनिदादला गेलेल्या भारतीय मजुरांनी भोजपुरी लोकगीते सोबत नेली. त्यांच्या वंशातील सुंदर पोपो यांनी ती चटणी संगीतात फुलवली. कल्याणजी-आनंदजींचे बंधू बाबला आणि गायिका कांचन यांनी त्यांचे ‘कैसे बनी’ मुंबईत पुन्हा ध्वनिमुद्रित केले. समुद्रापार गेलेले गाणे असे घरी परतले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहूनही मराठी जपणाऱ्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

कायदाही याची दखल घेतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी, आगाऊ मानधन भरून नवी आवृत्ती काढता येते. ती ‘कव्हर’ असल्याचे वेष्टनावर छापावे लागते. मात्र ग्राहकाची फसगत होऊ नये म्हणून आधीच्या गायकाचे नाव तिथे घालता येत नाही. कारण रास्त आहे, पण त्यामुळे पहिला आवाज विस्मृतीत जाण्याची भीती उरतेच.

ती उणीव व्यासपीठावरून भरून काढता येईल. गाणे सुरू होण्यापूर्वी निवेदकाने गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावे घ्यावीत. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. नव्या गायकाचा मान त्याने कमी होणार नाही. समोर बसलेल्या मुलांना मात्र गाण्याचे मूळ कळेल.

गणपती बाप्पा मोरया!