तेरातून एक बाद

भात कापून झालं की तलासरीकडची खाचरं मैदानं होतात. बांध तेवढा सांभाळायचा आणि धसकटं चुकवायची, एवढेच काय ते नियम. अशाच एका खाचरात गेल्या हिवाळ्यात मी फुटबॉल स्पर्धेच्या चिठ्ठ्या टाकताना पाहिल्या. वहीचं पान फाडून केलेल्या १३ घड्या होत्या, त्या स्टीलच्या डब्यात घातल्या, झाकण लावलं आणि डबा खडखड हलवला. संघ १३, म्हणजे १६ च्या तक्त्यात तीन घरं रिकामी, म्हणून तीन संघांना पुढे चाल. सामने किती होतील, याचा हिशेब कार्यकर्ते पुठ्ठ्यावर रेघा ओढून करत होते. पहिल्या फेरीत पाच, मग चार, मग दोन, मग एक. शेजारी दहा-अकरा वर्षांचा, गुजराती माध्यमात शिकणारा एक मुलगा उभा होता. पुठ्ठ्याकडे न बघताच तो म्हणाला, "तेरमांथी एक बाद. बार."

उत्तर अचूक होतं. एका सामन्यात एकच संघ जातो. शेवटी एकच उरायचा असेल तर १२ घालवायला १२ सामने हवेत, तक्ता कसाही मांडा. पण मला धरून ठेवलं ते त्या गणितानं नव्हे, त्यातल्या शब्दानं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत मराठीत लिहिलं होतं, 'बाद पद्धत'. मुलाच्या तोंडचा 'बाद' मात्र खेळातला नव्हता, तो त्याच्या गणिताच्या पुस्तकातला होता. आपल्या शाळेत जी वजाबाकी, तीच गुजराती शाळेत बादबाकी. डहाणू-तलासरीत दोन्ही भाषांच्या शाळा आहेत, त्यामुळे एकाच गल्लीत दोन्ही शब्द नांदतात. त्या दिवशी ते एकाच पुठ्ठ्यावर भेटले.

बाद फेरी ही मैदानावर मांडलेली वजाबाकी आहे, असं मी तेव्हापासून मानतो. ते नुसतं उपमेपुरतं नाही, शब्दाच्या कुळानंही खरं आहे, हे दाखवण्यासाठी हा लेख.

पुरावा सापडला तो समुद्रापलीकडे. तलासरीतल्या त्या दिवसाच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, केनिया, टांझानिया आणि युगांडा या तीन देशांत मिळून आफ्रिकी राष्ट्रांची फुटबॉल स्पर्धा झाली होती. ही स्पर्धा आपापल्या देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांचीच असते. नैरोबीतल्या अंतिम सामन्यात मोरोक्कोनं मादागास्करला ३-२ असं हरवलं. त्या दिवसांत स्वाहिली समालोचन ऐकताना एक शब्द पुन्हापुन्हा कानांवर पडायचा, 'म्तोआनो'. 'हातुआ या म्तोआनो' म्हणजे बाद फेरीचा टप्पा. हा शब्द 'तोआ' या धातूपासून आला आहे. तोआ म्हणजे काढणे, बाहेर घालणे. त्याला परस्परता दाखवणारा 'आना' जोडला की एकमेकांना काढणे असा अर्थ होतो. आणि स्वाहिली शाळेत वजाबाकीला काय म्हणतात? 'कुतोआ'. तोच धातू!

तलासरीतल्या खाचरात त्या मुलानं 'बाद' म्हटलं तेव्हा मला हे आठवलं आणि अंगावर काटा आला. हिंदी महासागराच्या दोन काठांवर दोन भाषा आहेत, एक आर्य कुळातली आणि एक बांटू कुळातली. दोघींनीही स्पर्धेतून संघ घालवायला वजाबाकीचा शब्द उचलला. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही.

आता 'बाद'च्या कुळाकडे येतो. हा शब्द अरबीतल्या 'बअद'चा. त्याचा अर्थ नंतर, पश्चात. हिंदीनं तो अर्थ जसाच्या तसा ठेवला. स्वाहिलीनंही ठेवला, तिकडे 'बाआदा या' म्हणजे 'च्या नंतर'. आपण मात्र आज 'जेवणाबाद' म्हणत नाही, नंतरच म्हणतो. मराठीत बादचा एकच अर्थ उरला आहे, मोजणीतून काढलेला. मतपत्रिका बाद होते, उमेदवारी अर्ज बाद होतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा चलनातून बाद झाल्या, तेव्हा हा शब्द घराघरांत बोलला गेला.

'नंतर'चा 'वजा' झाला कसा? त्याचं उत्तर बादबाकी या जोडशब्दातच आहे, असं माझं ठाम मत आहे. बाकी म्हणजे उरलेलं, तोही अरबीच. कारकून जमेच्या रकमेखाली खर्च लिहायचा आणि म्हणायचा, इतकं 'बाद', 'बाकी' इतकी. म्हणजे एवढं झाल्यानंतर उरलं एवढं. ही ओळ हजारदा लिहिली गेली आणि 'नंतर' म्हणणारा शब्द खर्चाच्या आकड्यालाच चिकटला. जे काढून टाकलं, तेच बाद. दख्खनच्या सुलतानी दप्तरांतून फारसीच्या हातानं हे शब्द मराठी हिशेबात आले. वजा, जमा, बाकी, रक्कम, हिशेब ही सगळी त्यांचीच भावंडं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी भाषेतले कितीतरी शब्द बदलायला घेतले, तरी हिशेबाच्या वहीतले हे शब्द हलले नाहीत. स्वाहिलीतही 'बाकी' आहे, 'हेसाबु'ही आहे. फक्त तिकडे बाद आणि बाकी यांचा जोड जमला नाही, म्हणून तिकडचा 'बाआदा' नंतरच राहिला आणि काढून टाकण्याचं काम 'तोआ'कडे गेलं.

या व्युत्पत्तीला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला आहे संस्कृतातला 'बाध', आणि तो तगडा आहे. मीमांसकांच्या परिभाषेत एका नियमानं दुसरा रद्द ठरतो, त्याला बाध म्हणतात. अर्थ अगदी बसतो. उच्चारही आडवा येत नाही, कारण मराठीला शब्दाच्या शेवटचा हकार टिकवायला जड जातं. हिंदीत हाथ, आपल्याकडे हात. तिकडे भूख, इथे भूक. मग बाधचा बाद का होऊ नये? हा युक्तिवाद मी बरेच दिवस डोक्यात घोळवला. तो मोडतो तो गुजरातीपाशी. उंबरगावची हद्द ओलांडली की हाथ हाथच राहतो आणि भूख भूखच. गुजराती माणूस हकार सोडत नाही. शब्द मुळात बाध असता तर त्या मुलाच्या पुस्तकात 'बाधबाकी' छापलं असतं. तिथे छापलंय बादबाकी. शिवाय थेट बंगालपर्यंत 'बाद देणे' म्हणजे वगळणे हाच अर्थ चालतो, आणि तिथेही 'द' आहे. एवढ्या लांबवर सगळीकडे एकच रूप मिळतं, ते दप्तरातून पसरलेल्या शब्दाला.

दुसरा प्रतिस्पर्धी 'बरबाद'. तो ऐकायला जवळचा वाटतो, पण त्यातला 'बाद' म्हणजे फारसीतला वारा. वाऱ्यावर गेलेलं ते बरबाद. वजा केलेली रक्कम वाऱ्यावर जात नाही. ती शाबूत असते, फक्त या हिशेबात धरली जात नाही. हरलेला संघही बरबाद होत नाही, घरी जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश फी भरतो.

क्रिकेटच्या मराठीत याची आणखी एक साक्ष आहे. आपण झेलबाद म्हणतो, धावबाद म्हणतो, पण त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत. 'चीत' आला आखाड्यातून, पाठीवर पाडलेला तो चीत. मला यात एक सूक्ष्म विवेक दिसतो. चेंडूनं त्रिफळा उडाला, पाय सापडला, क्रीझबाहेर यष्ट्या वाजल्या, म्हणजे समोरासमोरच्या झुंजीत गडी पडला, तिथे चीत. हवेतला झेल कुणीतरी पकडला किंवा धाव अपुरी पडली, म्हणजे गडी पडला नाही, फक्त मोजणीतून गेला, तिथे बाद.

म्हणूनच बाद फेरीला 'चीत फेरी' म्हटलं नाही, हे फार महत्त्वाचं. इंग्रजीनं नॉकआऊट हा शब्द ठोशांच्या खेळातून घेतला. फ्रेंचमध्ये एलिमिनास्यों म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला उंबरठा आहे, म्हणजे उंबऱ्याबाहेर काढणं. अरबी समालोचक 'खुरूज अल्-मघलूब' म्हणतो, पराभूताचं बाहेर पडणं. आफ्रिकी स्पर्धा या तीनही भाषांत चालते. ठोसा, उंबरठा आणि पराभूत, तिन्हींत हरणाऱ्याचा अपमान थोडाफार आहेच. मराठी आणि स्वाहिली तेवढ्या नुसता आकडा कमी करतात.

वहीतला शब्द मैदानात उतरला कुठे? माझा रोख बडोद्यावर आहे. हुतूतूच्या जुन्या बोलीत गडी बाद होत नसे, तो मरायचा आणि पुन्हा जिवंत व्हायचा. गावागावांत खेळाचे तीन प्रकार होते. संजीवनीत मेलेला गडी परत उठायचा. दुसऱ्याला कुठे गामिनी म्हणतात, कुठे गनिमी. त्यात एकदा गेला तो सगळा डाव संपेपर्यंत गेला. अमरमध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण लिहायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर अमर म्हणजे साखळी आणि गामिनी म्हणजे बाद पद्धत. इंग्लंडमध्ये एफए चषकाची पहिली स्पर्धा १८७१-७२ मध्ये झाली, पण त्या पद्धतीमागची कल्पना आपल्या पोरांना अंगणात ठाऊक होती. पुढे १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं हुतूतूचे नियम छापले. त्या शहरात दरबार मराठी आणि बाजार गुजराती. छापील नियमात 'मेला' हा शब्द शोभेना, तेव्हा शेजारच्या बादबाकीतून 'बाद' उचलला गेला असणार. दोन्ही भाषा एकाच फळ्यावर लिहिणारं याहून योग्य गाव मला दिसत नाही.

फेऱ्यांच्या नावांची गोष्ट थोडक्यात. उपांत्य फेरीतला 'उपांत्य' शुद्धलेखनातही भेटतो. 'गरीब'मधली 'री' दीर्घ का, तर ती उपांत्य म्हणून. म्हणजे शेवटच्या आधीचं अक्षर ते शेवटच्या आधीचा सामना.

पुन्हा आफ्रिकेकडे. तिथल्या राष्ट्रांच्या मोठ्या चषकाचा जन्मच वजाबाकीनं झाला. फेब्रुवारी १९५७, सुदानची राजधानी खार्टूम. चार संघ यायचे होते, सुदान, इजिप्त, इथियोपिया आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेचं सरकार गोऱ्या-काळ्यांचा मिश्र संघ पाठवायला तयार नव्हतं आणि वर्णभेदी संघ आफ्रिकेनं घेतला नाही. खेळायच्या आधीच चारातून एक बाद. त्यांच्याशी गाठ पडायची होती त्या इथियोपियाला एकही चेंडू न मारता अंतिम फेरीत पुढे चाल मिळाली. अख्खी स्पर्धा दोन सामन्यांची झाली. इजिप्तनं सुदानला २-१ असं हरवलं, मग इथियोपियाला ४-० असं, आणि ते चारही गोल अद्-दीबा या एकाच खेळाडूचे. पुढे १९७६ मध्ये तर अंतिम सामनाच नव्हता. शेवटच्या चार संघांची साखळी झाली आणि गिनीशी १-१ अशी बरोबरी करून मोरोक्को विजेता ठरला. २०१९ पासून २४ संघ असतात. गटांत ३६ सामने, मग १६ संघांची बाद फेरी.

आणि संजीवनी? तीही तिथे दिसली. जानेवारी २०२४ मध्ये यजमान आयव्हरी कोस्ट आपल्याच मैदानावर इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ असा हरला. प्रशिक्षक गेला. संघ जवळजवळ बाद झाला होता. मोरोक्कोनं झांबियाला १-० असं हरवलं म्हणून उत्तम तिसऱ्या क्रमांकाच्या चार संघांत त्यांना जेमतेम जागा मिळाली. तिथून एमर्स फाए या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी गतविजेत्या सेनेगलला पेनल्टींवर घालवलं, मालीला जादा वेळेत, मग काँगोला. ११ फेब्रुवारीला नायजेरियाविरुद्ध २-१ असा चषक जिंकला. विजयी गोल मारणारा सेबास्तियाँ हालेर कर्करोगातून बरा होऊन परतलेला. हुतूतूची जुनी भाषा जाणणारा म्हातारा ही गोष्ट ऐकून एकच शब्द म्हणेल, उठला.

आता वाचकांकडे मागणं आहे. बडोद्याबद्दलचा माझा अंदाज १९२३ वर टेकलेला आहे. तुमच्याकडे त्याआधीचं हुतूतूचं, खो-खोचं किंवा आट्यापाट्यांचं एखादं पत्रक, शाळेचं हस्तलिखित, आजोबांची वही असेल, आणि त्यात गड्याला 'मेला'ऐवजी 'बाद' म्हटलं असेल, तर ते पान जपून ठेवा आणि मला कळवा. डहाणू, घोलवड, बोर्डी, उंबरगाव इकडची गुजराती चोपडी असेल तर आधी ती उघडा.